पाय गमावलेला चालक पुन्हा मालमोटार चालवू शकतो काय?

मुंबई-आग्रा महामार्ग असो की पुणे-बंगळूर महामार्ग, त्यांच्या आसपासच्या बहुतेक गावांत मालमोटारीवर चालक म्हणून पोट भरणारी दोन-चार कुटुंबे तरी आढळतात. हा व्यवसाय कष्टाचा आहे आणि धोक्याचाही आहे. कधी अपघातात पाय चिरडला जातो, तर कधी मधुमेहामुळे पायाची जखम चिघळून पाय कापावा लागतो. असा प्रसंग ओढवला म्हणजे घरची मंडळी, शेजारीपाजारी आणि गाडीमालक एकच निर्णय देऊन मोकळे होतात, "याची गाडी आता सुटली." हा निर्णय काही वेळा योग्य असतो. तथापि तो नेहमीच योग्य असतो असे नाही, आणि तपासणी न करता दिला गेला तर तो एका कुटुंबाची भाकरी विनाकारण हिरावून घेतो.

या प्रश्नाचा शिस्तशीर विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झालेला आहे. हात किंवा पाय गमावलेल्या चालकाने पुन्हा अवजड मालमोटार चालवावी की नाही, हे तेथे दयेवर किंवा मर्जीवर सोडलेले नाही. त्यासाठी ठरीव नियम व ठरीव परीक्षा आहेत. त्या पद्धतीचा परिचय करून द्यावा आणि तिच्या प्रकाशात आपल्याकडील स्थिती पाहावी, हा या लेखाचा उद्देश आहे.

क्लच, गिअर आणि डावा पाय

प्रथम यंत्राचा विचार करू. मालमोटारीचे इंजिन सुरू असताना सतत फिरत असते. चाके मात्र कधी थांबलेली, कधी हळू, तर कधी वेगाने फिरणारी असतात. इंजिन व गिअरपेटी यांच्यामधील जोड हवी तेव्हा सोडविण्याचे आणि पुन्हा हळुवार लावण्याचे काम क्लच करतो. अमेरिकेत चालकाची बैठक डाव्या बाजूस असते व आपल्याकडे उजव्या बाजूस. त्यामुळे गिअरचा दांडा तेथे उजव्या हाताने आणि येथे डाव्या हाताने हलवितात. पायांची वाटणी मात्र दोन्ही देशांत सारखीच आहे. क्लचवर डावा पाय, आणि ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर यांवर उजवा पाय.

अमेरिकेतील पारंपरिक अवजड मालमोटारींना १०, १३ किंवा १८ गिअर असतात आणि दातेरी चाकांचा वेग आपोआप जुळविणारी सिंक्रोमेश रचना त्यांच्या गिअरपेटीत सहसा नसते. म्हणून गिअर बदलताना क्लच दोनदा दाबण्याची रीत शिकविली जाते. पहिल्यांदा चालू गिअर काढून न्यूट्रलमध्ये येण्यासाठी आणि दुसऱ्यांदा पुढचा गिअर टाकण्यासाठी. शहरातील गर्दीत किंवा घाटात डाव्या पायाला किती राबावे लागत असेल याची कल्पना यावरून येईल. क्लच किती दबला आहे हे चालक डोळ्यांनी पाहत नाही. ते त्याला तळपायाने व घोट्याने कळते. कृत्रिम पायाला ही जाणीव नसते.

आता अशा गिअरपेट्या निघाल्या आहेत की ज्यांत क्लच दाबणे व गिअर बदलणे ही दोन्ही कामे हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणारी यंत्रणा संगणकाच्या आज्ञेने करते. अशा मालमोटारीत क्लचचे पेडलच नसते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या लांब पल्ल्याच्या मालमोटारींपैकी बहुसंख्य आज याच जातीच्या आहेत. त्या अपंगांसाठी म्हणून तयार झालेल्या नाहीत. इंधनाची बचत व्हावी आणि नवशिक्या चालकांना काम लवकर यावे, हे त्यामागील मुख्य हेतू होते. तथापि त्यांचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, डावा पाय गुडघ्याखालून गमावलेल्या चालकाला जे काम सर्वांत अवघड होते, नेमके तेच यंत्राने आपल्याकडे घेतले.

उजवा पाय गमावलेल्याची गोष्ट वेगळी आहे. अवजड मालमोटारीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि पेडल जितके खाली जाईल तितका दाब वाढतो. येथे पायाला नुसते बळ असून भागत नाही, अंदाजही लागतो. गुडघा शाबूत असेल तर मांडी व गुडघा यांच्या साहाय्याने हा अंदाज पुन्हा शिकता येतो. पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर काम बरेच कठीण होते. हाताच्या बाबतीत पकड हा मुख्य प्रश्न असतो. सारांश, "पाय गेला" किंवा "हात गेला" एवढ्या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही. कोणता अवयव, कोठून, आणि कोणत्या गाडीसाठी, हे तिन्ही पाहावे लागते.

परवान्यावरील 'ई' हे अक्षर

संयुक्त संस्थानांत २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो किंवा त्याहून अधिक मान्य एकूण वजनाच्या मालमोटारीसाठी व्यावसायिक वाहनचालक परवाना घ्यावा लागतो. त्याची प्रत्यक्ष परीक्षा उमेदवाराने आणलेल्या किंवा प्रशिक्षण संस्थेने पुरविलेल्या गाडीवर होते. ती गाडी क्लचच्या पेडलाविना चालणारी असेल, तर परवान्यावर 'ई' हे अक्षर नोंदले जाते. या परवानाधारकाने हाताने गिअर बदलावयाची व्यावसायिक मालमोटार चालवू नये, असा त्या अक्षराचा अर्थ. ही मर्यादा २०११ च्या संघीय नियमांनी घालून दिली. ज्या गाडीत चालकाला स्वतः क्लच दाबावा लागतो व दांडा हलवावा लागतो तेवढीच गाडी हाती गिअरची मानावी, बाकी सर्व, अर्धस्वयंचलित धरून, स्वयंचलित मानाव्यात, अशी व्याख्याही त्यांत आहे.

हे अक्षर केवळ अपंगांसाठी नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोन्ही पाय धडधाकट असलेल्या तरुणाने स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली तर त्याच्याही परवान्यावर ते येते. पुढे हाती गिअरच्या गाडीवर पुन्हा परीक्षा उत्तीर्ण झाल्यास ते काढले जाते. म्हणजे 'ई' हा कमीपणाचा शिक्का नसून एक सरळ विधान आहे, "या गृहस्थाची परीक्षा अमुक प्रकारच्या गाडीवर झाली आहे, तेवढ्यापुरता हा परवाना." गाडीमालकालाही त्यावरून नेमके समजते की, या चालकाच्या हाती कोणती गाडी द्यावी आणि कोणती देऊ नये.

अवयवहानीसाठी वेगळे प्रमाणपत्र

परवान्यावरील मर्यादा गाडीविषयी बोलते, चालकाच्या शरीराविषयी नाही. शरीरासाठी दुसरा कागद लागतो, आणि या दोहोंची गल्लत करू नये. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या चालकांसाठी जे संघीय वैद्यकीय नियम आहेत, त्यांत पहिलाच दंडक असा आहे की, चालकाने पाऊल, पाय, पंजा किंवा हात गमावलेला नसावा. परंतु नियम येथेच थांबत नाही. 'अथवा त्याला कौशल्य-मूल्यमापन प्रमाणपत्र दिले गेलेले असावे' अशी जोड त्यास आहे. दार लावून घेतानाच नियमाने त्याची किल्लीही सांगून ठेविली आहे.

हे प्रमाणपत्र संघीय मोटार वाहक सुरक्षा प्रशासन देते. ही संस्था १ जानेवारी २००० रोजी अस्तित्वात आली. अर्ज चालक एकटा करू शकतो, किंवा त्याला कामावर घेऊ इच्छिणारी वाहतूक कंपनी व तो मिळून संयुक्तपणे करू शकतात. अर्जासोबत नेहमीच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, अस्थिशल्यतज्ज्ञाचा किंवा शारीरिक पुनर्वसनाच्या तज्ज्ञ डॉक्टरचा सविस्तर अभिप्राय, रस्त्यावरील चाचणीचे प्रमाणपत्र आणि मागील वाहनचालनाची नोंद जोडावी लागते. गाडीचे वर्णनही बारकाईने मागितले जाते. गिअरपेटी कोणत्या प्रकारची, पुढचे गिअर किती, ब्रेक कसले, अपंगत्वासाठी गाडीत कोणता फेरफार केला आहे, हे सर्व लिहून द्यावे लागते.

तज्ज्ञाच्या अभिप्रायाचे स्वरूप विशेष विचार करण्याजोगे आहे. 'अर्जदाराचा डावा पाय नाही' एवढे लिहून त्याची सुटका होत नाही. चालकाच्या नेहमीच्या कामांच्या दृष्टीने अर्जदाराची कार्यक्षमता किती, हे त्याला सांगावे लागते. हाताची हानी असल्यास बटणे व कळी फिरविण्याइतकी नाजूक पकड आणि स्टिअरिंग धरून वळविण्याइतकी बळकट पकड, या दोन्ही प्रत्येक हाताने स्वतंत्रपणे दाखविता येतात काय, याचेही उत्तर द्यावे लागते.

चालकाचे काम म्हणजे केवळ गाडी हाकणे नव्हे, हे येथे विसरता कामा नये. उंच केबिनमध्ये दिवसातून अनेक वेळा चढावे-उतरावे लागते. गाडीखाली वाकून ब्रेक व टायर तपासावे लागतात. मागची ट्रेलर जोडावी व सोडवावी लागते, जड ताडपत्री ओढावी लागते आणि बर्फाळ प्रदेशात चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्या लागतात. गिअर यंत्राने बदलले तरी यांतले एकही काम यंत्र करीत नाही. पुष्कळ चालकांची खरी कसोटी पेडलांवर न होता केबिनच्या पायऱ्यांवर होते.

प्रमाणपत्र अधिकात अधिक २ वर्षांसाठी मिळते व त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. ते कोणत्या जातीच्या वाहनासाठी आहे याची नोंद त्यावर असते, आणि चालकाने ते नोकरीवर असताना जवळ बाळगावयाचे असते. अर्ज संयुक्त असेल तर अपघात, परवाना निलंबन इत्यादी घडल्यास कंपनीने ते प्रशासनास कळवावयाचे असते. अशा रीतीने संधी आणि देखरेख या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात.

शरीराची तयारी

शस्त्रक्रियेनंतर पायाच्या उरलेल्या भागाची, म्हणजे खुंटाची, सूज उतरण्यास व आकार स्थिर होण्यास बरेच महिने लागतात. तोवर कृत्रिम पायाची वाटी सैल पडते आणि ती पुन:पुन्हा बदलून घ्यावी लागते. घाईने कामावर गेलेल्या माणसाच्या खुंटाला घाम व घर्षण यांमुळे फोड येतात आणि एका फोडापायी कित्येक दिवस कृत्रिम पाय घालता येत नाही. संयुक्त संस्थानांत मालवाहू गाडीच्या चालकास सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालविता येते. इतका वेळ एका जागी बसून खुंट सुजतो की नाही, हे घरी खुर्चीत बसून कळत नाही. ते सरावानेच कळते.

नसलेल्या पायात वेदना होणे हीदेखील खरीखुरी अवस्था आहे. तो मनाचा खेळ नव्हे. तिच्यावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी गुंगी येते. औषध चालू असताना गाडी चालवावी काय, हा प्रश्न रुग्णाने स्वतः होऊन डॉक्टरला विचारला पाहिजे.

पाय मधुमेहामुळे गेला असेल, तर पायाच्या आधी मधुमेहाकडे पाहावे लागते. पूर्वी संयुक्त संस्थानांत इन्सुलिन टोचून घेणाऱ्या चालकास आंतरराज्य मालवाहतुकीसाठी खास सवलत मागावी लागे. २०१८ च्या नियमाने ती अट गेली. आता उपचार करणाऱ्या डॉक्टरने मधुमेह आटोक्यात असल्याचे लिहून द्यावयाचे व त्यावर वैद्यकीय परीक्षकाने निर्णय घ्यावयाचा, अशी रीत आहे. मात्र मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यास गंभीर इजा झाली असेल, तर चालक अपात्र ठरतो. येथेही तत्त्व तेच आहे. रोगाच्या नावावरून निर्णय न घेता त्या माणसाच्या प्रत्यक्ष स्थितीवरून घेतला जातो.

प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे

या पद्धतीची बाजू मांडताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. सरकारने पात्र ठरविले म्हणून मालकाने कामावर घेतलेच पाहिजे, असे नाही. याचे उदाहरण पायाचे नसून दृष्टीचे आहे, पण ते येथे लागू पडते. एका डोळ्याने जवळजवळ न दिसणाऱ्या एका मालमोटार चालकाने संघीय दृष्टिनियमातून सवलत मिळविली होती. तरीही त्याच्या कंपनीने त्याला परत घेतले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९९ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कंपनीला मूळ नियमाचा आधार घेता येतो, सवलत मान्य करणे तिच्यावर बंधनकारक नाही, असे न्यायालयाने ठरविले. अपंगांशी भेदभाव करू नये असा कायदा त्या देशात १९९० सालीच झालेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे महत्त्व कळेल.

म्हणून तेथील जाणता चालक नोकरी शोधताना प्रथम हे पाहतो की, त्या कंपनीच्या ताफ्यात सर्व गाड्या स्वयंचलित आहेत की काही जुन्या गाड्याही आहेत. निम्मा ताफा हाती गिअरचा असेल, तर एखादी गाडी बिघडल्यावर त्याला दुसरी देता येत नाही आणि मालक कुरकुरतो. ताफा एकजात स्वयंचलित असेल, तर 'ई' अक्षराची अडचण व्यवहारात जवळजवळ उरत नाही. संयुक्त अर्ज करण्यास कंपनी तयार असेल, तर उत्तमच.

आपल्याकडील स्थिती

आता आपल्या देशाकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये व्यावसायिक परवान्यासाठी नमुना १-अ मध्ये डॉक्टरचे प्रमाणपत्र द्यावे लागते. चालकाचे काम कार्यक्षमतेने करण्यास अडथळा येईल असे काही व्यंग किंवा अवयवहानी अर्जदारास आहे काय, अशा आशयाचा प्रश्न त्या नमुन्यात आहे. या प्रश्नाची रचना नीट पाहावी. अवयव नाही काय, एवढेच तो विचारीत नाही. त्यामुळे कामास अडथळा येतो काय, हे विचारतो. म्हणजे संयुक्त संस्थानांतील नियमाचे बीज आपल्या नमुन्यातही आहे. उणीव आहे ती, अडथळा येतो की नाही हे गाडीवर बसवून पाहणाऱ्या ठरीव परीक्षेची.

अपंग व्यक्तीसाठी फेरफार केलेल्या वाहनाची तरतूद आपल्या कायद्यात आहे व २०१९ च्या दुरुस्तीने तिला 'अनुकूलित वाहन' अशा अर्थाचे नवे नाव मिळाले. परंतु ते वाहन केवळ त्या व्यक्तीच्या वापरासाठी असावे, अशी तिची व्याख्या आहे. स्वतःची मोटार किंवा स्कूटर तीत सहज बसते. दुसऱ्याचा माल वाहणारी मालमोटार तीत सहजी बसत नाही. क्लचच्या पेडलाविना चालणाऱ्या मालमोटारी भारतीय रस्त्यांवरही धावू लागल्या आहेत, पण हाती गिअरच्याच गाड्यांची चाल अद्याप मोठी आहे.

नुकसानभरपाईच्या क्षेत्रात मात्र आपल्या न्यायालयांनी कामाचा विचार आधीच केलेला आहे. डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात, सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाईची शक्ती पूर्णपणे गेली असे मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, डावा हात गमावलेला चालक आणि डावा हात गमावलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. चालकाची कमाई जवळजवळ सर्वच जाऊ शकते. ज्या न्यायाने भरपाई ठरते, त्याच न्यायाने पुन्हा कामावर येण्याची पात्रताही ठरावी, हे सुसंगत होईल.

शासकीय सेवेतील चालकांसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचे २० वे कलम महत्त्वाचे आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने काढून टाकू नये किंवा त्याचा दर्जा कमी करू नये. तो मूळ पदास अयोग्य ठरल्यास त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्यास न्यावे आणि तसे पद नसल्यास त्याच्यासाठी अधिसंख्य पद ठेवावे, असे ते सांगते. खासगी मालकाच्या गाडीवरील चालकास हे संरक्षण नाही. त्याला कर्मचाऱ्यांच्या नुकसानभरपाईविषयीच्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो.

कृत्रिम अवयवांच्या बाबतीत आपण मागे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांची सेवा करीत आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेला जयपूर पाय देशोदेशी गेला आहे. पाय बसविण्याची विद्या आपल्याकडे आहे. तो पाय घातलेल्या माणसाला त्याच्या मूळ धंद्यात परत बसविण्याची व्यवस्था मात्र अपुरी आहे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. अवयव गेला म्हणजे धंदा गेला, असे तपासणीवाचून ठरवू नये. तसेच जिद्द आहे म्हणून तपासणी टाळून गाडीही चालवू नये. रस्त्यावर इतरांचेही प्राण असतात.

२. अपघात कामावर असताना झाला असेल तर उपचाराचे कागद, पोलीस पंचनामा व मालकाकडील नोकरीचा पुरावा कुटुंबीयांनी प्रथमपासून जपून ठेवावा. भरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो.

३. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र लिहिताना अवयव कोठून गेला, कृत्रिम अवयव कोणता आहे आणि चालकाची कोणती कामे होतात वा होत नाहीत, हे स्पष्ट नमूद करावे.

४. परवाना अधिकाऱ्यांनी अर्जदारास ज्या प्रकारची गाडी चालवावयाची आहे तिचा विचार करावा. क्लचचे पेडल असलेली व नसलेली गाडी एकाच मापाने मोजल्यास अन्याय होतो.

५. पुन्हा चालक होणे शक्य नसेल, तर गाडीच्या जाणकारीचा उपयोग होईल असे काम पाहावे. मालाची नोंद, गाड्यांची देखभाल, नव्या चालकांचे शिक्षण ही कामे अनुभवी चालक उत्तम करू शकतो.

६. शिक्षकांनी हा विषय वर्गात घेताना एकच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. माणसाचे काम ठरविताना त्याच्यात काय नाही हे आधी पाहावे, की तो काय करू शकतो हे? पाय गमावलेल्या माणसाचे मूल त्याच वर्गात बसलेले असू शकते, याचे भान ठेवून ही चर्चा व्हावी.